माझ्या वतीनं बोलणारं माणूस

वैद्यकीय इच्छापत्रात आजारांची, नळ्यांची आणि यंत्रांची नावं लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो एका माणसाचं नाव लिहायला. आपण बोलण्याच्या स्थितीत नसू, तेव्हा आपल्या वतीनं डॉक्टरांशी कोण बोलेल, त्याचं नाव. माझा कागद त्या एका ओळीपाशी कितीतरी दिवस अडून राहिला, आणि शेवटी तिथे जे नाव आलं ते आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

लिव्हिंग विल म्हणून हा कागद आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. मृत्युपत्रात आपल्यामागे घर, दागिने, ठेवी कुणाला द्यायच्या ते लिहितात. यात आपण जिवंत असतानाचा शेवटचा टप्पा येतो: आजार बरा होण्यापलीकडे गेला, शुद्ध परत येण्याची आशा उरली नाही, तर माझ्या शरीरावर काय काय करावं आणि काय करू नये. मी हे करतेय म्हटल्यावर नात्यातल्या एकांनी पहिला प्रश्न विचारला, "मग फ्लॅट कुणाला?" त्यांना समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि जाता जाता पुन्हा विचारलं, "पण फ्लॅट?" माणसाला वस्तूंची वाटणी करायला जमते, वेदनेचा विषय निघाला की तो वस्तूंकडे वळतो. त्यांचा मला राग आला नाही.

मला हा कागद करावासा वाटला तो ह्यांच्यामुळे.

ह्यांना मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा आम्ही सगळे आयसीयूच्या बाहेर बाकांवर बसून होतो. संसार चाळीस वर्षांचा. पापलेटपेक्षा बांगडा आवडतो, आमटीत गूळ चालत नाही, पंखा तीनवरच हवा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण व्हेंटिलेटर चालू ठेवावा का, यावर त्यांनी स्वतः काय उत्तर दिलं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. आमचं कधी बोलणंच झालं नव्हतं. मुलगा म्हणत होता, जे जे करता येईल ते करा. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्यांचे मित्र आशा देणाऱ्या गोष्टी सांगत होते, कुणाचा मेहुणा कसा महिन्यानं उठून बसला, कुणाच्या आईनं कसं बोट हलवलं. आणि डॉक्टर रोज सकाळी तेच सांगत होते, "गंभीर आहेत, पण स्थिर आहेत. वाट बघू."

तेव्हा माझी धाकटी जाऊ पुढे झाली. डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, माझे भावजी परत उठून बसतील का? हो की नाही, तेवढं सांगा." डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही." त्या एका शब्दानं मला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. त्यानंतर लवकरच हे गेले.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आयसीयूत नेताना नर्सनं ह्यांची अंगठी, घड्याळ आणि चष्मा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. ते रीतीप्रमाणेच होतं. पण चष्म्याशिवाय ह्यांना हातभर अंतरावरचं माणूस ओळखू यायचं नाही. सुरुवातीला ते अधूनमधून डोळे उघडत होते. त्यांना मी दिसले का, की नुसता एक धूसर आकार दिसला, याचं उत्तर मला या जन्मी मिळणार नाही.

ते गेल्यावर घर एकटीचं झालं. एकटेपणाबद्दल लोक फार हळहळतात. मला त्यात एक लख्खपणाही सापडला. घरात माणसं असली की आपल्या मरणाचा विचार आपण त्यांच्या सोयीनं करतो: मुलांना त्रास नको, सुनेला सुट्टी मिळेल का, पाहुण्यांचं कसं होईल. एकटं बसल्यावर पहिल्यांदा प्रश्न सरळ समोर येतो, की बाई, तुला काय हवंय?

मग मी वाचायला, विचारायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि सन्मानानं मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याबरोबरच असा कागद आधी करून ठेवायची वाट मोकळी झाली. पण तेव्हाची पद्धत इतकी अवघड होती, की त्या कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचीही सही लागायची. कोण जाणार? २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानं ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार, शक्यतो ज्यांचा आपल्याशी हितसंबंध नाही असे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. कागदाची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायची असते. असा अधिकारी नेमलेलाच नव्हता, म्हणून मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी ही नेमणूक झाली. एका माणसानं स्वतःचा कागद ठेवायला जागा मागितली, त्यातून सगळ्यांना जागा मिळाली. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे मी कच्चा मसुदा घेऊन गेले. त्यात मी ठसठशीत लिहिलं होतं, "व्हेंटिलेटर नको." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "काकू, समजा तुम्हाला उद्या न्यूमोनिया झाला. चार-सहा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं की तुम्ही बऱ्या होऊन घरी येणार, अशी अवस्था आहे. तरी नको?" मी म्हटलं, "असं असेल तर हवा." "मग तसं लिहा," ते म्हणाले. यंत्राला हो किंवा नाही म्हणायचं नसतं, त्या यंत्रानं आपल्याला कुठे पोचवायचं आहे ते सांगायचं असतं, हे त्या अर्ध्या तासात उलगडलं. काही दिवस लावून बघता येतं आणि फरक पडला नाही तर काढता येतं, असंही लिहिता येतं. म्हाताऱ्या माणसाचं हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात तेव्हा बरगड्या मोडू शकतात, नाकातली नळी ओढू नये म्हणून कधीकधी हात बांधावे लागतात, हे सगळं त्यांनी काही न लपवता सांगितलं. आणि हेही सांगितलं, की उपचार थांबवणं म्हणजे काळजी थांबवणं नव्हे. दुखणं कमी करायची औषधं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, हे शेवटपर्यंत चालूच राहतं. इंजेक्शन देऊन मारून टाका, असं आपल्याकडे कुणालाच लिहिता येत नाही, आणि मला तसं लिहायचंही नव्हतं.

कागद असला म्हणून लगेच कुणी काही बंद करत नाही, हेही लोकांना माहीत नसतं. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले आणखी निदान दोन तज्ज्ञ मिळून रुग्णालयाची समिती बसते. मग दुसरी समिती, तिच्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. दोघींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. शिवाय निर्णय अमलात आणण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. आणि या सगळ्यात माझ्या बाजूनं होकार द्यायला हवं ते कागदात नाव लिहिलेलं माणूस.

आता त्या ओळीबद्दल.

पहिलं नाव अर्थात मुलाचं सुचलं. तो बंगळुरूला. फोनवर मी विषय काढला की म्हणायचा, "आई, संध्याकाळी बोलू." ती संध्याकाळ यायचीच नाही. लांब राहणाऱ्या मुलांबद्दल आपण पटकन वाईट बोलतो. माझं मत वेगळं आहे. त्यांना सगळे उपचार करून हवे असतात कारण त्यांचं आपल्याशी बोलायचं राहिलेलं असतं. माझ्या मुलाला वडिलांशी काही बोलायचं होतं आणि ते राहिलं. तो माझ्या बाबतीत यंत्र बंद करू देणार नाही, हे मला त्याच्या प्रेमाच्या आकारावरूनच कळत होतं.

मुलगी ठाण्यात, हाकेच्या अंतरावर. तिनं सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाली, "आई, मी आता सही करेन गं. पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही." इतकं खरं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि विषय तिथेच संपवला. ज्याचा जीव आपल्यात गुंतला आहे त्याच्याकडून आपण सगळं मागू शकतो, फक्त 'आता पुरे' हे मागू शकत नाही. काहींना तेही देता येतं. माझ्या लेकीला येत नाही, आणि ती त्यामुळे कुठेच कमी ठरत नाही.

शाळेतली मैत्रीण ऐकताक्षणी तयार झाली. पण ती समोरच्याला कधीच नाही म्हणू शकलेली नाही. डॉक्टरांनाही तिनं हो म्हटलं असतं, माझ्या मुलालाही, आणि वॉर्डबॉयलाही.

त्या दिवसांत मला अरुणा शानबाग सारखी आठवायची. आमच्या पिढीतल्या मुंबईच्या बायकांना ते नाव विसरता येत नाही. परळच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं हल्ला केला आणि ती पुन्हा कधी बोलली नाही. १८ मे २०१५ ला ती गेली. मधली चाळीसपेक्षा जास्त वर्षं केईएमच्या नर्सनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं. एक पिढी निवृत्त झाली, पुढच्या पिढीनं तिला हाती घेतलं. तिच्या वतीनं लेखिका पिंकी विराणी न्यायालयात गेल्या, तेव्हा २०११ च्या निकालात न्यायालयासमोर हाच प्रश्न होता: या बाईच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाचा? न्यायालयानं सांगितलं, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. त्यांना ती जगायला हवी होती, म्हणून अन्न थांबवायची परवानगी मिळाली नाही. पण त्याच निकालानं कडक अटींवर जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. या निकालावर लोक दोन्ही बाजूंनी भांडतात. अरुणाला स्वतःला काय हवं होतं, ते कुणालाच सांगता आलं नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं दुःख वाटतं. पण एक धडधडीत गोष्ट त्यातून दिसते. रोज ज्यांनी तिच्या अंगाला हात लावला, ती माणसं रक्ताची नसूनही तिची ठरली.

म्हणजे आपलं माणूस कोण, हे घराण्याच्या झाडावर शोधायचं नाही. मग कुठे शोधायचं? मी माझ्यापुरता एकच प्रश्न विचारला: आयुष्यात माझ्या तोंडावर मला 'तुमचं चुकतंय' असं कोण म्हणालं आहे, आणि तरी माझ्या अडीअडचणीला धावून आलं आहे?

धाकटी जाऊ.

आमचं पटलेलं नाही. सासऱ्यांच्या पश्चात गुहागरकडच्या घराची वाटणी झाली तेव्हा देवघरातल्या पितळी समईवरून आम्ही दोघी जे बोललो ते पुढे बरीच वर्षं कुणाला विसरता आलं नाही. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर ती माझ्या पदराकडे बघून बोलायची आणि मी तिच्या खांद्याकडे बघून. गोडा मसाला, गौरींचा नैवेद्य, मुलांच्या शाळा, एकाही गोष्टीवर आमचं एकमत नाही. पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्र जागली ती तीच. आणि डॉक्टरांना तो प्रश्न विचारला तोही तिनंच.

मी डोंबिवलीला तिच्याकडे गेले. चहा झाला, साबुदाण्याचे पापड झाले, मग मी कागद पुढे केला. तिनं शांतपणे वाचला.

"वहिनी, माझ्याच का गळ्यात?"

"कारण तू मला घाबरत नाहीस."

"घाबरते की! तुमच्या डोळ्यांना अजून घाबरते."

"घाबरूनही बोलतेस ना? मला तेच हवंय."

ती हसली नाही. तिनं पेन्सिल मागवली आणि प्रश्न सुरू केले. व्हेंटिलेटर लावून बघायचा तर किती दिवस? दोन डॉक्टरांचं मत वेगवेगळं पडलं तर? नाकातल्या नळीनं भरवणं नको म्हणता, पण तुम्ही चमच्यानं गिळत असाल तर भरवायचं ना? आणि मग तिनं असं विचारलं, जे मला, डॉक्टरांना, कुणालाच सुचलं नव्हतं: "सगळं संपलंय असं ठरलं, आणि पोरगा विमानात आहे. तो येईपर्यंत थांबायचं की नाही?"

मी बराच वेळ गप्प बसले. मग म्हटलं, थांबायचं. तो येईपर्यंत यंत्र असू दे. ते माझ्यासाठी नसेल, त्याच्यासाठी असेल. ती म्हणाली, "मग तसं लिहा. नाहीतर मी तुमचं ऐकत बसेन आणि तो जन्मभर मला माफ करणार नाही." ते कलम तिच्यामुळे कागदात आलं.

चष्म्याचं कलम माझं. "मी शुद्धीत असो वा नसो, चष्मा घालून ठेवावा, आणि कुणी भेटायला आलं तर माझ्या नजरेसमोर उभं राहून नाव सांगून बोलावं." मसुदा तपासणारे वकील म्हणाले, हा कायद्याचा विषय नाही, याची गरज नाही. मी म्हटलं, राहू द्या. ते राहिलं.

पुढचं सगळं सरळ पार पडलं. २०२३ पासून एकापेक्षा जास्त नावं देता येतात. जाऊही काही तरुण नाही, म्हणून दुसरं नाव तिच्याच मुलाचं, माझ्या पुतण्याचं घातलं. साक्षीदार म्हणून तळमजल्यावरचे बेस्टमधून निवृत्त झालेले काका आणि वाचनालयातल्या बाई आल्या. नोटरींनी कागद वाचला, मान वर करून मला विचारलं, "आजी, कुणाची जबरदस्ती नाही ना?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी रजिस्टर पुढे केलं. सही करताना माझा हात थरथरला नाही, जाऊचा थरथरला. वॉर्ड ऑफिसात आरोग्य विभागाच्या टेबलावरच्या मुलीनं प्रत घेऊन पोच दिली आणि हळूच विचारलं, "हे माझ्या बाबांना करता येईल?" करता येईल, म्हटलं, पण बाबांनीच स्वतःहून करायला हवं. आपण दुसऱ्याचं करू शकत नाही. मन बदललं तर हा कागद लेखी रद्द करता येतो किंवा नवा करता येतो, हेही तिला सांगितलं. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे दिली, एक जाऊकडे, एक मुलीकडे.

मुलाला मी प्रत पाठवली आणि फोनची वाट बघितली. दोन दिवसांनी रात्री उशिरा फोन आला. तो म्हणाला, "आई, काकूंचं नाव?" मी हो म्हटलं. "माझं का नाही?" मी त्याला खरं ते सांगितलं: तुला माझं मरण ऐकवत नाही, आणि ज्याला ऐकवत नाही त्याच्यावर मी ते टाकणार नाही. तो रडला. मग त्यानं विचारलं, "ते विमानाचं कुणी घातलं?" "काकूनं." बराच वेळ फोनवर फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि मग आम्ही त्याच्या वडिलांबद्दल बोललो, पहिल्यांदाच इतकं. माझ्या मते या कागदाचं निम्मं काम त्या रात्रीच झालं. तो कधी उघडायची वेळ आली नाही तरी चालेल.

कागद झाल्यावर मी जाऊला म्हटलं, आता तुझाही करू या. माझा सगळा अभ्यास ताजा होता. ती चटकन म्हणाली, "माझा असला कागद नको. मला जगायचंय."

"अगं, जगायचं मलाही आहे."

"तसं नाही वहिनी. तुम्हाला नीट जगायचंय. मला नुसतं जगायचंय. छाती दाबायची तर दाबू दे, बरगड्या मोडल्या तर मोडू दे, नळ्या घालू दे. मी आत कुठेतरी असेन. मला घाईनं बाहेर काढू नका." तिचे वडील तिच्या लहानपणी गावात औषधाविना गेले होते. तालुक्याच्या गावाहून डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. इतक्या वर्षांच्या भांडणांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या ओठांवर दहा युक्तिवाद आले होते. मी ते गिळले. तिच्या बाबतीत मला काय योग्य वाटतं, हा प्रश्नच नव्हता. मी वही घेतली आणि तिनं मला विचारलेले प्रश्न तिला विचारले. किती दिवस? डॉक्टर नाही म्हणाले तर? पैशांचं कसं? कोण यायला हवं? ती सांगत गेली, मी लिहीत गेले, आणि खाली लिहिलं, की कुणी शंका काढली तर वहिनींना विचारावं, त्यांना माझं मत ठाऊक आहे.

तिनं वही हातात घेऊन वाचली. एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे 'शक्य तेवढे उपचार' काय लिहिलंय?"

"मग काय लिहू?"

"'शक्य तेवढे' खोडा. 'सगळे' लिहा."

मी खोडलं आणि 'सगळे' लिहिलं. तिनं खाली सही केली, तारीख घातली, आणि म्हणाली, "आता भांडायचं बरं का वहिनी. माझ्यासाठी भांडायचं."

"भांडेन," मी म्हटलं. "समईसाठी भांडले त्याहून जास्त भांडेन."